आतली कडी

१

मी एका गावाची कोतवाल आहे आणि ते गाव मी कधी पाहिलेलं नाही.

गाव म्हणजे खेळातलं. हजारभर माणसं आपापल्या घरी संगणकावर तो खेळ उघडून बसतात. त्यांना त्यात गल्ल्या दिसतात, कौलं दिसतात, नदीवर पडलेलं ऊनसुद्धा दिसतं म्हणे. तिथे ती घरं बांधतात, दुकानं थाटतात आणि माणसंच असल्यामुळे तिथेही भांडतात. ती भांडणं मिटवायला आणि शिवीगाळ करणाऱ्याला हाकलायला कंपनीने मला ठेवलं आहे. मला मात्र चित्रं लागत नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एवढंच माझं गाव. कोणी आलं की ओळ येते, कोणी गेलं की ओळ येते, कोणी दार उघडलं तरी ओळ येते. सुरुवातीला त्याचं नाव, मग दोन टिंबं, मग त्याने केलेला उद्योग. सगळ्यात खाली एक मोकळी जागा, तिथे मी हुकूम लिहायचा. माझं यंत्र जुनं आहे, चित्रांचं ओझं त्याला झेपत नाही, अक्षरं मात्र झरझर येतात. ऑफिसातले मला आंधळी कोतवालीण म्हणतात. म्हणोत बापडे. आंधळी असले तरी बहिरी नाही, असं मी त्यांना सुनावते.

हा खेळ ज्यांनी बांधला त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "'हाकल' लिहिलंस की पुढे नाव लिहायचंच. नाव न लिहिता बटण दाबलंस तर यंत्र तुलाच हाकलेल. नाव नाही म्हणजे स्वतः, एवढीच त्याची अक्कल." प्रत्येक नवा कोतवाल एकदा तरी हा घोळ घालतोच. मीही घातला. हाकलली गेले, लगेच परत आत आले, सगळ्यांना चहा पाजला आणि विषय संपला.

मी घरूनच काम करते. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, तिथून आत जाणारा अरुंद पॅसेज, पॅसेजच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर आणि टोकाला बाबांची खोली. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबांनी जन्मभर कुलपं दुरुस्त केली. दार लागलंय असं वाटणं वेगळं आणि लागणं वेगळं, असं ते म्हणायचे आणि घरातलं प्रत्येक दार लावल्यावर दोनदा ओढून पाहायचे. बाहेरून आलेल्या घरच्या माणसानेसुद्धा टकटक करायची ती ठरलेली: दोन, जरा थांबून एक. बेल वाजवली तर उघडायचे नाहीत. आवाज कोणीही काढेल, टकटक हाताची असते, हे त्यांचं तत्त्वज्ञान. या तत्त्वज्ञानापायी मी शाळेतून आल्यावर कितीतरी वेळा जिन्यात उभी राहिलेली आहे.

गेल्या वर्षी ते आपल्या खोलीत पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. दाराला आतून कडी घातलेली. ती पितळी कडी त्यांनी स्वतःच बसवलेली, पक्कं काम. आत ते कण्हत होते आणि बाहेर मी दारावर डोकं आपटत होते. शेवटी शेजाऱ्यांनी खांदे लावून दार मोडलं. नवीन दार बसवलं तेव्हा सुतार जुनी कडी त्यावर ठोकून गेला, ती मी त्याच संध्याकाळी स्क्रूंसकट काढली आणि स्वयंपाकघरातल्या खणात टाकली. बाबा माझ्याशी बोलेनात. "आतून कडी नाही ती खोली कसली," ते भिंतीला म्हणाले, "व्हरांडा झाला तो."

त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना माझ्या गावात नेऊन सोडलं. पलंगासमोर मोठा पडदा लावून दिला, चित्रांसकट. पहिल्यांदा नुसते बघत राहिले. मग एक दिवस मला हाक मारून म्हणाले, "ठके, चालता येतंय गं मला." ठकी म्हणजे लाकडी बाहुली. लहानपणी मी कुठेही ठेवलं तिथे गप्प बसून राहायची, म्हणून ते नाव पडलं, ते चाळिशी उलटली तरी चिकटून आहे.

गावात त्यांनी नाव घेतलं 'कुलूपवाले'. लोक घरं उघडी टाकून जातात, हे जाऊन दारं लावतात. पोरंटोरं त्यांना आजोबा म्हणायला लागली. मग त्यांनी घर बांधलं, ते हुबेहूब आमचंच, बोटाबोटाच्या मापाने. दुपारी एकदा मी गावात झाडू मारते, म्हणजे सगळ्यांना बाहेर काढून यंत्र नव्याने सुरू करते. बाबांच्या बोटांना परवलीचा शब्द पुन्हा टाकायला फार वेळ लागतो, म्हणून मी त्यांच्या घराला सवलत दिली: त्या घरात जो असेल त्याला झाडू लागणार नाही. कोतवालाच्या बापाला एवढा वशिला चालायचाच.

२

पहिल्यांदा ती ओळ आली तेव्हा मी भाजी चिरता चिरता पडद्याकडे बघत होते.

कुलूपवाले: दार लावलं.
 : दार लावलं.

दुसऱ्या ओळीत नाव नव्हतं. नावाची जागा होती, दोन टिंबं होती, पुढचं सगळं होतं. मला वाटलं यंत्र अडखळलं. माणसं बोलताना अडखळतात तशी यंत्रंही अडखळतात, मी त्यांना दोष देत नाही. भाजी फोडणीला टाकली.

पण मग ते रोजचंच झालं. बाबा शिंप्याच्या दुकानाचं दार लावायचे, मागोमाग ती बिननावाची ओळ. बाबा पुलापलीकडे गेले की ती ओळ पुलापलीकडे. दुसऱ्या कोणाच्या मागे नाही, फक्त त्यांच्या. मी स्वतःची समजूत घातली की बाबांचा हात थरथरतो, बटण दोनदा दाबलं जातं, तेच दोनदा उमटतं. समजूत चांगली होती. त्या समजुतीवर माझे बरेच दिवस सुखात गेले.

मग एका सकाळी ओळींचा क्रम बदलला.

 : दार लावलं.
 : दार ओढून पाहिलं.
 : दार ओढून पाहिलं.
कुलूपवाले: शाब्बास.

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. दार दोनदा ओढून पाहायची खोड जगात एकाच माणसाला आहे, आणि त्या माणसाने आत्ता कोणाला तरी शाब्बास म्हटलं होतं. पॅसेजच्या टोकाहून मला ते ऐकूही आलं होतं. त्यांना लिहिताना तोंडाने बोलायची सवय आहे.

३

औषध द्यायला गेले तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं. सर्दीने माझं नाक चोंदलेलं होतं, आवाज भांड्यातून आल्यासारखा येत होता.

"बाबा, तिथे तुमच्या मागे मागे कोणी फिरतंय का हो?"

"कोणी म्हणजे? तूच की."

"मी?"

"मग काय शेजारीण? सर्दीनं डोकंही चोंदलं का तुझं?"

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं ते थट्टा करताहेत. मग मी त्यांच्या पडद्याकडे पाहिलं. एक बुटका म्हातारा कुठल्याशा पेठेत उभा होता, भोवती ऊन पडलेलं. त्याच्या मागे कोणी नव्हतं.

"कुठे आहे मी? दाखवा ना."

"आत्ता कशी दिसशील? तू इथे आलीस ना," बाबा म्हणाले. जणू लहान मुलीला समजावत होते.

मी पलंगाच्या कडेला बसले.

"मी तिथे काय करते, बाबा?"

"उभी असतेस. केसांत ती पेन्सिल खुपसलेली, मान अशी एका बाजूला. आधी गावाच्या वेशीत उभी असायचीस, लाकडासारखी. लोक तुझ्या अंगावरून जायचे, कोणी विचारायचं नाही. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, आपलीच पोर आहे. म्हटलं, चल ठके, फेरी मारू." त्यांनी गोळी गिळली. "आता थोडं थोडं बोलतेस. कुलपाचं काम शिकलीस. इथे माझं एक ऐकत नाहीस, तिथे बरी शहाण्यासारखी वागतेस."

माझा हात आपोआप केसांकडे गेला. पेन्सिल तिथेच होती.

"तुम्ही तिला... तुम्ही मला काही दिलंत का तिथे?"

"किल्ली दिली घराची. आणि टकटक शिकवली. ती तर तुला येतेच म्हणा, पण विसरल्यासारखी करत होतीस."

ज्या माणसाने आपल्या सख्ख्या बहिणीला कधी घराची दुसरी किल्ली दिली नाही, तो हे सांगत होता. मी म्हटलं, "बाबा, ती मी नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काळजी होती, आणि ती माझ्याविषयी होती.

"ताप आहे का गं तुला?" ते म्हणाले.

४

मी मिस्त्रींना फोन लावला. माझं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये दोनदा जांभई दिली.

"अगं, तुला तिथे अंगच नाही. कोतवालाला अंग नसतं. तू नुसती अक्षरं बघतेस. म्हातारपणी दिसतं काहीबाही, कशाला मनावर घेतेस?"

"मग बिननावाची ओळ? ती तर मला दिसते. मी काय म्हातारी झाले?"

तिकडे बोटं चालल्याचा आवाज आला.

"थांब," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी होतं तुला अंग. सगळ्यांना मिळतं. वेशीत उभं करतात, तिथून ज्यानं त्यानं चालायला लागायचं. दुपारी तुला कोतवाल केलं, तेव्हा नाव पदाबरोबर गेलं. अंग काढायचं राहिलं असेल."

"म्हणजे ते इतकी वर्षं तिथेच उभं होतं?"

"नाव नाही म्हणजे यादीत येत नाही. यादीत नाही त्याला झाडू लागत नाही. असेल उभं. पण ते आपण होऊन हलायचं नाही हं, लाकूड आहे ते. तुला चित्रं दिसत असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं तुला, वेशीतच तर आहे."

"बघा ना आत्ता."

पुन्हा बोटं चालली. पॅसेजच्या टोकाला बाबा कोणाशी तरी बोलत होते, मध्येच हसले.

"वेशीत कोणी नाही," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा एकदा तपासलं. मग नेहमीचं बोलले. "बरंच झालं की. आता मीटिंग आहे माझी, संध्याकाळी बघतो."

फोन ठेवल्यावर मी हिशेबी डोक्याने विचार करायचा प्रयत्न केला. एक लाकडी अंग. कोणी हलवल्याशिवाय हलत नाही. इतक्या वर्षांत त्याला कोणी हाक मारली नव्हती, आणि मग एका म्हाताऱ्याने प्रेमाने हाक मारली. पण माझं डोकं इथवर आलं आणि पुढे जाईना. कारण त्या अंगाच्या केसांत पेन्सिल होती. खेळात पेन्सिली नाहीत. आणि पेन्सिल खुपसायची सवय मला नोकरी लागल्यानंतरची, म्हणजे अंग उभं करून दिल्यानंतरची.

५

जेवण झाल्यावर बाबांचा डोळा लागला. मी हलकेच त्यांचं यंत्र बंद केलं, पडदा काळा झालेला डोळ्यांनी पाहिला, दार लोटून घेतलं आणि टेबलाशी येऊन गावात झाडू मारला. एकेक नाव बाहेर गेलं. यादीत उरलं एकच, कोतवालीण, म्हणजे मी. यंत्र पुन्हा सुरू व्हायला क्षणभर वेळ लागतो, तेव्हा गाव पूर्ण ओसाड असतं. मला एरवी तो क्षण आवडतो. झाडून पुसून घेतलेल्या घरासारखा वाटतो.

ओसाड गावात ओळ आली.

 : दार लावलं.
 : दार ओढून पाहिलं.
 : दार ओढून पाहिलं.

ओळीच्या शेजारी जागा लिहून येते. जागा होती कुलूपवाल्यांचं घर.

मला एक हुकूम येतो जो मी कधी वापरत नाही. 'पाहा' लिहिलं की यंत्र एखाद्या जागेचं वर्णन अक्षरांत करून देतं. मी तो लिहिला. दोनदा चुकलं.

बाहेरची खोली. टेबल आहे. टेबलावर पडदा उजळलेला आहे. टेबलाशी खुर्ची आहे. खुर्ची रिकामी आहे.

मी त्या खुर्चीत बसले होते. खुर्चीचे हात मी घट्ट धरले. अर्थातच रिकामी असणार, मी स्वतःला सांगितलं, तिथे मला अंग नाही, मिस्त्री म्हणाले तसं. मी पुढची जागा विचारली.

पॅसेज. डाव्या हाताला स्वयंपाकघर आहे. कोणी उभं आहे.

मी मान वळवली. पॅसेज रिकामा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं, नळ ठिबकत होता, बाकी काही नाही. तरी मला वळून पुन्हा पडद्याकडे बघायची हिंमत होईना, कारण मग पॅसेजकडे माझी पाठ झाली असती. अर्धवट वळून, एका हाताने, मी तिसरी जागा विचारली.

आतली खोली. दाराला आतून पितळी कडी आहे. पलंग आहे. पलंगावर म्हातारा झोपला आहे. उशाशी पाण्याचा पेला आहे.

म्हातारा तिथे असायलाच नको होता. त्याचं यंत्र मी माझ्या हाताने बंद केलं होतं. मी उठले आणि धावत बाबांच्या खोलीत गेले.

बाबा उशीला टेकून बसले होते. पडदा काळाच होता. त्यांच्या हातात पेला होता आणि ते सावकाश पाणी पीत होते.

"बरं झालं आणलंस," ते म्हणाले. "घशाला कोरड पडली होती."

त्यांना आधाराशिवाय पलंगावरून पाय खाली टाकता येत नाही. माठ स्वयंपाकघरात आहे. मी त्यांच्या हातातून पेला जवळजवळ हिसकावला. पेल्याच्या बाहेरून थेंब ओघळत होते, बोटांचे ठसे उमटले होते.

"कोणी दिलं पाणी, बाबा?"

"आत्ता तर दिलंस. आणि गोळीही."

"कुठली गोळी?"

त्यांच्या गोळ्यांचा डबा मी टेबलाच्या खणात ठेवते. डब्यात दुपारच्या कप्प्यातली गोळी नव्हती. ती आत्ताच कोणी दिली होती, की मी सकाळी विसरून दोन दिल्या होत्या, की त्यांनी आधीच घेतली होती, मला सांगता येईना. ज्या घरात फक्त मी आणि ते, तिथे त्यांच्या तोंडात आज कोणी काय घातलं ते मला सांगता येत नव्हतं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, ते दार मोडलं त्या दिवशीही नाही. त्या दिवशी मला निदान माहीत होतं की आत फक्त बाबा आहेत.

"बाबा, ऐका. मी तुमच्याशी समोर येऊन बोलेन तेवढंच खरं. दुसऱ्या कोणाच्या हातून काही घेऊ नका."

"तुझ्याशिवाय आहे कोण मला?" ते म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं. "तूच येतेस, ठके. सारखी येतेस. आधी इतकी येत नव्हतीस."

हे मात्र खरं होतं, आणि ते मला लागलं.

६

त्यांना उचलून बाहेर न्यावं असं मनात आलं. पण तीन जिने, मोडलेला खुबा आणि मी एकटी. मिस्त्रींचा फोन लागेना. शेजारी कामावर गेलेले, दाराला कुलूप. मग मी टेबलाशी बसले आणि माझं जे हत्यार तेच उचललं.

आधी बाबांच्या घराची सवलत काढून घ्यायचा हुकूम दिला. यंत्राचं उत्तर आलं: घरात कोतवालीण आहे. तिने बाहेर यावं.

मी तो हुकूम पुन्हा दिला. तेच उत्तर.

मग 'हाकल' लिहिलं. त्यापुढे काय लिहायचं, हा प्रश्न होता. कोतवालीण लिहिलं तर मी जाणार. कुलूपवाले लिहिलं तर आधीच बाहेर असलेले बाबा. तिला नाव नव्हतं. नावाची जागा होती, तेवढीच.

मग मी तसंच करायचं ठरवलं. नावाची जागा मोकळी सोडायची. मिस्त्रींनी बजावलेलं मला आठवत होतं, मी काही नवखी नाही. फार तर काय होईल, यंत्र मलाच हाकलेल आणि मी परत आत येईन, पूर्वी आले होते तशी. पण त्या गावात आता एक खरोखरच बिननावाचं होतं. यंत्राला निवड करायची वेळ आली तर ते नाव असलेलीला सोडेल आणि नाव नसलेलीला हाकलेल. माझा हिशेब सरळ होता. मला तो आताही चुकीचा वाटत नाही.

मी बटण दाबलं.

पडदा क्षणभर कोरा झाला. मग मधोमध एक ओळ आली.

हाकललं.

कोणाला, ते लिहिलेलं नव्हतं. गाव दिसत नव्हतं, यादी दिसत नव्हती, म्हणजे यंत्राने मला बाहेर काढलं होतं. हरकत नाही, मी मोठ्याने म्हटलं. नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला.

कोतवालीण आत आहे.

पुन्हा टाकलं. कोतवालीण आत आहे. तिसऱ्यांदा टाकताना माझ्या लक्षात आलं की परवलीचा शब्द बरोबर की चूक हे यंत्र मला सांगतच नाहीये. ते मला काहीच विचारत नव्हतं.

फोन वाजला. मिस्त्रींचा होता. मी उचलला आणि भडाभडा बोलायला लागले.

"हॅलो?" ते म्हणाले. "हॅलो, बोल ना. अगं, कोण आहे?" मग तोंड फिरवून कोणाला तरी म्हणाले, "कोणी बोलतच नाहीये." फोन बंद झाला.

लाइन खराब असेल, मी स्वतःला सांगितलं. माझा आवाज बसलाय, सर्दी आहे. मी उठून सपाता घालायला टेबलाखाली पाय घातला, तर सपाता नव्हत्या.

पॅसेजमधून सपातांचा आवाज आला. चट, चट, चट. मी घरात चालते तसा, डावी जरा ओढत.

७

मी पॅसेजमध्ये पोहोचले तेव्हा बाबांच्या खोलीचं दार मिटत होतं. पूर्ण मिटायच्या आधी फटीतून मला एवढंच दिसलं: निळ्या ओढणीचं टोक, आणि वर बांधलेल्या केसांतून बाहेर आलेला पेन्सिलीचा तुकडा. मी खाली पाहिलं. माझ्या अंगावर निळी ओढणी होती. हात केसांकडे नेला. केस मोकळे होते.

दार लागलं.

"बाबा!" मी ओरडले. आतून काहीच हालचाल नाही. मी दार ढकललं, आतून कोणी दाबून धरल्यासारखं ते हललं नाही. मी तळहाताने दार बडवलं. मग मला ते सुचलं. मी श्वास आवरला, बोटं आवळली आणि टकटक केली. दोन, जरा थांबून एक.

आत पलंग करकरला.

"कोण आहे गं बाहेर?" बाबा म्हणाले.

"कोणी नाही, बाबा." आतला तो आवाज भांड्यातून आल्यासारखा होता, चोंदलेल्या नाकाचा.

"टकटक आपली आहे."

"ऐकून ऐकून शिकलं असेल."

मी कपाळ दाराला लावून उभी होते. बाबांनी माझ्या हाताची टकटक चाळीस वर्षं ऐकली आहे. शाळेतून आलेली ऐकली आहे, पावसात भिजून आलेली ऐकली आहे, आई गेली त्या दिवशी दवाखान्यातून येऊन केलेली ऐकली आहे. ते ओळखतील. मी पुन्हा केली, हळू, अगदी नीट. दोन. एक.

"बाबा," मी म्हटलं. "मी आहे. ठकी."

ते कान देऊन ऐकत होते, हे मला कळत होतं.

"ठके," ते शेवटी म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग ते म्हणाले, "कडी घालून घे बाई. मला भीती वाटते."

त्या दाराला आतून कडी नाही. ती मी काढलेली आहे. मी तशीच उभी राहून ती सरकताना ऐकली, पितळेवर पितळ, पक्कं काम. मग कोणीतरी ते दार आतून दोनदा ओढून पाहिलं.